चौथं पिल्लू

जव्हारात मला नावाने ओळखणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. बाकी कोणालाही विचारा, "घुशीवाला कंपाउंडर ना? तो काय, तळ्याच्या अंगाला राहतो," असं उत्तर मिळेल. दरबारच्या नोकरीत मी औषधांच्या बाटल्या भरल्या, खरजेची मलमं घोटली, दात उपटताना कळवळणाऱ्या माणसांची डोकी धरली. डॉक्टरसाहेब घोड्यावरून पाड्यापाड्यांवर जात तेव्हा पेटी घेऊन त्यांच्या मागे चाललो. त्यातलं कोणाच्या लक्षात नाही. नाव राहिलं ते घुशींचं. या अंकाच्या संपादकांनीही 'मुक्या जीवांच्या सेवेविषयी चार शब्द' मागितले आहेत. सेवा हा शब्द वाचून मी त्यांचं पत्र घडी करून पंचांगात ठेवून दिलं. दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं, म्हणून लिहायला बसलो आहे. त्यांनी मागितलेले चार शब्द आधी लिहितो. मग मला जे लिहायचं आहे ते लिहितो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

घूस म्हणजे थोराड उंदीर, अशी शहरातल्या माणसाची समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. पूर्ण वाढलेली घूस मांजरीला मागे सरायला लावते. तोंड बोथट आणि रुंद, पाठीवर राठ लांब केस. डिवचली की ते केस उभे करून डुकरासारखी गुरगुरते. मागचे पाय काळपट, नखं दणकट. घरउंदीर सडपातळ असतो, त्याचे कान मोठे, शेपूट अंगापेक्षा लांब, आणि तो वाशावरून पळतो. घुशीला वाशाशी देणंघेणं नाही, ती जमीन खणते. भाताच्या खाचरांच्या बांधात तिची बिळं असतात, आणि कापणीच्या दिवसांत ती लोंब्या तोडून आत साठवते. एका बिळातून टोपलीभर भात निघालेलं मी पाहिलं आहे. हे झालं मोठ्या घुशीचं. पिल्लू मात्र फसवतं. महिन्याचं पिल्लू मऊ असतं, पाठीवर राठ केस नसतात, गुरगुरणं नसतं, आणि आकार पाहाल तर घरउंदराएवढा. अशा वेळी त्याला हातात घ्यावं लागतं, उलटं करून पाय बघावे लागतात, शेपूट अंगाला लावून मोजावं लागतं. लांबून कळत नाही.

पोरकं पिल्लू आलं तर आधी ऊब, मग दूध. लोक घाईने उलट करतात. गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घातलं की ते छातीत जातं आणि पिल्लू हातातच मान टाकतं. औषधाच्या बाटलीत कोमट पाणी भरून ती फडक्यात गुंडाळायची आणि पिल्लू तिला चिकटून ठेवायचं. अंग ऊन झालं की शेळीचं दूध निम्मं पाणी घालून कापसाच्या वातीने थेंब थेंब पाजायचं. मग ओल्या बोळ्याने पोट पुसायचं, कारण आई चाटते तेव्हाच एवढ्याशा जिवाला लघवी होते. डोळे उघडले की नाचणीची पातळ आंबील, पुढे भाकरीचा मऊ तुकडा, मग भाताची लोंबी. मोडलेल्या पायाला बांबूच्या दोन बारीक कामट्या आणि सुती पट्टी. पट्टीला कडुनिंबाचं तेल लावायचं, नाहीतर पहिल्याच दिवशी कुरतडून टाकते. ठेवायचं रॉकेलच्या पत्र्याच्या डब्यात. लाकडी खोकं घुशीला एका दिवसाचं काम आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक दुकानदार पितळी डब्यावर जरीचा रुमाल बांधून आला आणि कानाशी लागून म्हणाला, "उंदीर असेल तर मला एकट्याला सांगा, बाहेर बोलू नका, प्लेगच्या नावाने दुकान बंद पडेल." डब्यात चिचुंद्री होती. तसं सांगताच त्याला इतका आनंद झाला की दवाखान्यातल्या सगळ्यांना त्याने गूळ-खोबरं वाटलं. कोयत्याने शेपूट तुटलेली घूस साखरशेतचा एक म्हातारा डोक्यावरच्या टोपलीत घालून चालत घेऊन आला. मी म्हटलं, "बाबा, मारून का नाही टाकलीस?" तो म्हणाला, "तू हायस नां." पाड्यावरची माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, महाराज समोर आले तरी तूच म्हणतील, त्यात अनादर नसतो. त्या तीन शब्दांत माझ्यावरचा केवढा विश्वास होता! मला मान वर करता आली नाही. म्हातारा समजला, कंपाउंडर टाके घालण्यात गढला आहे.

लोक म्हणतात, कंपाउंडरच्या अंगी भूतदया आहे. माझ्या अंगी भूतदया नव्हती आणि नाही. मला उंदरांची शिसारी होती. एवढी वर्षं मी घुशी सांभाळल्या त्या लाजेपोटी. ती लाज कसली, ते आजवर माझ्या कुटुंबाखेरीज कोणाला ठाऊक नाही.

खाली ठाण्या-भिवंडीकडे प्लेग चालला होता तेव्हाची ही गोष्ट. घाट चढून तो वर येऊ नये म्हणून संस्थानात चौक्या बसल्या होत्या. माझा थोरला भाऊ भिवंडीच्या प्लेगात गेला होता. त्याच्या काखेतली गाठ मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसावर उडी घेतात हे डॉक्टरसाहेबांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं. त्याच साहेबांनी मेलेले उंदीर तपासायचं काम माझ्यावर सोपवलं.

काम ऐकायला सोपं होतं. मेलेला उंदीर सापडल्याची वर्दी आली की जायचं, तो चिमट्याने उचलायचा, मोजायचा आणि छापील फॉर्म भरायचा. जात कोणती, नर की मादी, अंग किती, शेपूट किती, मागचे पाय कोणत्या रंगाचे. साहेबांचा नियम सरळ होता. घरात घरउंदीर मरून पडले असतील तर पाडा रिकामा करायचा. ऊन आत जावं म्हणून घरांची छपरं उतरवायची, धान्याच्या कणग्या आहेत तिथेच शेणामातीने लिंपून बंद करायच्या, आणि माणसांनी थोडी नाचणी बरोबर घेऊन माळावर मांडव घालून राहायचं. मेलेली घूस असेल तर काही नाही, पुरून टाकायची. म्हणजे पाडा घरात राहणार की उघड्यावर जाणार हे माझ्या फॉर्मवर ठरत होतं. पहिले काही फॉर्म मी इतके चोख भरले की साहेब चारचौघांत म्हणाले, "आमच्या कंपाउंडरची नजर चुकत नाही." मी ते घरी येऊन कुटुंबाला तीनदा सांगितलं.

भातं कापून घरात आली होती. मोखाड्याच्या वाटेवरच्या एका पाड्यावरून वर्दी आली, एकाच घरात तीन उंदीर मेले आहेत. पाड्याचं नाव लिहीत नाही. मी आणि चौकीचा शिपाई गेलो. घर बुधीचं होतं. ही चाळिशीची विधवा, हाडापेराने मजबूत, सासऱ्याला सांभाळून स्वतः शेती करणारी. चुलीपासून हातभर अंतरावर एक टोपली होती, टोपलीत पेंढा, पेंढ्यावर तीन मेलेले उंदीर ओळीने. शेजारीच भाताची भरलेली कणगी.

मी दारातच थांबलो. खरं सांगायचं तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं मला धैर्य झालं नाही. शिपाई तर अंगणाबाहेरच उभा होता.

बुधी म्हणाली, "उंदीर नाय, दादा. घुशीची पोरां हायत. बांधातला बीळ मी खणलां, तर आईला कुत्र्यान धरली. पोरां उघडी पडली, मंग घरात आनली."

"घरात? कशाला?"

"कशाला म्हंजे? आई आमचेपायी मेली, तं पोरां कोन पोसल? पळाया लागली का बांधावर नेऊन सोडायची. आमचे घरात असांच करत. तीन गारठली नी मेली. एक हाय."

तिने कणगीमागून एक गाडगं पुढे आणलं. त्यात चौथं पिल्लू होतं, जिवंत. एक मागचा पाय लोंबत होता.

त्या दिवसांत घर सोडावं लागू नये म्हणून माणसं काय काय सांगत! मेलेला उंदीर पेंढ्यात लपवत, साप म्हणून सांगत, मांजराने बाहेरून आणला म्हणत. त्या सगळ्या थापांत ही थाप मला सर्वांत ओढूनताणून आणलेली वाटली. भात चोरणाऱ्या घुशीची पोरं चुलीशी ठेवून वाढवायची, हे कोणाला पटेल? मी हसलो. म्हणालो, "बाई, उंदीर आणि घूस यातला फरक मला शिकवू नकोस. घरउंदीर आहेत हे."

"हातात घे नां. पाय बघ त्याचे," ती म्हणाली.

आत जाऊन चिमट्याने एक पिल्लू उलटं करायला किती वेळ लागला असता? मी गेलो नाही. दारात उभ्याउभ्या काठीने टोपली जरा कलती केली, आकार पाहिला, घरात मेलेत एवढं पाहिलं आणि अंगणात येऊन फॉर्म भरला. अंग अमुक इंच, शेपूट तमुक इंच, अंगापेक्षा लांब, मागचे पाय फिकट. एकही आकडा मी मोजलेला नव्हता. मागच्या पाड्यावर मोजलेले आकडे थोडे इकडेतिकडे करून घातले. अक्षर मात्र नेहमीसारखं सुरेख काढलं.

जिवंत उंदीर मिळाला तर आणायचा, असा साहेबांचा हुकूम होता, कारण तो जगतो की मरतो त्यावरून रोगाचा अंदाज येई. बुधीने गाडग्यावर फडकं बांधून ते शिपायाच्या हाती दिलं आणि मला म्हणाली, "पोस तू त्याला. वाढव. मंग तूच माना सांग, उंदीर का घूस." माना म्हणजे मला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पैज मारावी तसं ती बोलली होती.

दुसऱ्या दिवशी पाडा बाहेर निघाला. छपरं उतरली. बुधीच्या सासऱ्याला दोघांनी उचलून माळावरच्या मांडवात नेलं. साहेबांनी मला सांगितलं, "त्या जिवंत उंदरावर लक्ष ठेवा. पंधरा दिवस जगला तर सोळाव्या दिवशी लोकांना घरी जाऊ द्या. मेला तर आणखी महिनाभर बाहेर. आणि पंधराव्या दिवशी माझ्यासमोर आणा, मला स्वतः बघायचाय."

असं ते पिल्लू माझ्या घरी आलं. पहिले दोन दिवस मी हातांना कापड गुंडाळून लांबून दूध दिलं. ते पिईना. तिसऱ्या दिवशी कुटुंब वैतागून म्हणाली, "अहो, त्याच्या जिवावर एवढा पाडा बसलाय उघड्यावर, आणि तुम्ही त्याला विस्तवासारखं धरताय!" तिने ते ओच्यात घेतलं, ऊब दिली, वातीने दूध पाजलं. वर लिहिलेलं बाटलीचं आणि बोळ्याचं शास्त्र तिचं आहे, माझं नाही. पाय मी बांधला. आठवडा झाला तेव्हा ते माझ्या तळहातावर बसून भाकरी खाऊ लागलं. माझी भीती कधी गेली ते कळलं नाही. दवाखान्यातून आलो की आधी डब्यात डोकावायचो. ते मागच्या पायांवर उभं राहून पत्र्याला नाक लावायचं. ते जगावं असं मला मनापासून वाटत होतं. ते जगलं की पाडा घरी जाणार होता.

बाराव्या दिवशी सकाळी कुटुंब डबा साफ करत होती. तिचा हात लागला तसं ते पिल्लू फुगलं. पाठीवर नवे राठ केस आले होते ते उभे राहिले आणि त्याच्या नरड्यातून आवाज आला. बारीक, पण डुकराचाच.

ती म्हणाली, "अहो, ही घूस आहे."

मी ते हातात घेतलं, उलटं केलं. मागचे पाय काळपट. शेपूट अंगाला लावून पाहिलं तर अंगापेक्षा आखूड. बुधीने दारात सांगितलं होतं तेच. प्लेग नव्हताच. एक बाई आईवेगळ्या चार पिल्लांना चुलीशी ठेवून वाचवत होती, आणि तेवढ्यावरून मी सगळ्या पाड्याची छपरं उतरवली होती.

"साहेबांना आजच सांगा," कुटुंब म्हणाली. मी हो म्हटलं.

त्या दिवशी गेलो नाही. तेराव्या दिवशी सकाळी गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. 'साहेब, चूक झाली, पिल्लू होतं, फसलो.' एवढंच सांगायचं. पण साहेब साधे नव्हते. त्यांनी फॉर्म मागवला असता आणि विचारलं असतं, मग शेपूट अंगापेक्षा लांब कसं लिहिलंत? पाय फिकट कसे? चूक माफ झाली असती हो, न मोजता लिहिलेले आकडे माफ झाले नसते. साहेब ओसरीवर कोणा पाहुण्याबरोबर चहा घेत बसले होते. मला पाहताच पाहुण्याला म्हणाले, "हेच ते. यांचे फॉर्म मी वर पाठवले होते. असे नेटके फॉर्म दुसरीकडून आले नाहीत असं उत्तर आलंय." पाहुण्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. साहेबांनी विचारलं, "काय काम काढलंत?"

मी म्हणालो, "काही नाही साहेब, कुनैन संपत आलंय."

कुनैनच्या दोन भरलेल्या बरण्या कपाटात होत्या.

चौदाव्या दिवशी सकाळी मी डब्यावर फडकं टाकून शिरपामाळाच्या अंगाला गेलो. कापलेल्या नाचणीच्या एका शेताच्या बांधावर डबा आडवा केला. ती बाहेर आली, थोडी लंगडत चालली, हुंगलं, आणि परत येऊन माझ्या वहाणेवर बसली. मी तिला उचलून लांब ठेवलं. ती पुन्हा आली. शेवटी मी जोराने पाय आपटला, तेव्हा ती बिचकून पाठ फुगवून गुरगुरली आणि बांधाआड गेली. मारून टाकायचा विचार मनात आला होता हेही लिहून ठेवतो. तेवढं हातून झालं नाही, म्हणून त्या वेळी मी स्वतःला दयाळू समजलो.

पंधराव्या दिवशी साहेबांना सांगितलं, उंदीर मेला. जाळून टाकला. साहेब म्हणाले, "म्हणजे आपला संशय खरा होता. बरं झालं लोकांना वेळेत बाहेर काढलं." शिपाई माळावर निरोप घेऊन गेला. आणखी महिनाभर बाहेर. रिकामा डबा कुटुंबाने घासून उन्हात पालथा घातला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती माझं ताट वाढून समोरून उठून जात असे.

त्या महिन्यात अवकाळी पाऊस आला. थोडाथोडका नाही, सलग दोन दिवस पडला. मी दवाखान्याच्या खिडकीत उभा होतो आणि मला एकच दिसत होतं, छपरं उतरल्याने उघड्या पडलेल्या, शेणामातीने लिंपलेल्या कणग्या. कौलांवरचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी खलात काहीतरी कुटत राहिलो. तेव्हाही वेळ होती. त्याच दिवशी जाऊन सांगितलं असतं तर निदान भात बाहेर काढून वाळवता आलं असतं. पोटाला राहिलं असतं, बियाणं राहिलं असतं. मी स्वतःला सांगितलं की लोकांनी पळसाची पानं, पेंढा, काहीतरी झाकलं असेल. त्यांना पाड्यात पाऊल टाकायची बंदी होती, आणि ती माझ्यामुळेच होती.

महिना भरल्यावर घरं उघडायला साहेबांनी मलाच पाठवलं. पाडा माझ्याआधी येऊन उभा होता, पण हुकूम आल्याशिवाय कोणी आत शिरलं नव्हतं. लांबूनच आंबूस वास येत होता. बुधीच्या घरी गेलो. कणगीच्या कुडातून, शेणाच्या भेगांतून, हिरवे-पांढरे कोंब बाहेर आले होते. बुधीने लिंपण फोडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. मुळांनी एकमेकांत गुंतलेला काळा गोळा होता तो. खालचं भात कुजून गरम झालं होतं. सासरा उंबऱ्याशी बसला होता. त्याने त्या गोळ्यातून एक दाणा सोडवला, चावून पाहिला, थुंकला.

"बियानां पन गेलां," तो म्हणाला.

घरोघर तेच होतं. कोणी रडलं नाही, कोणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. पुरुष आपसात बोलत होते, यंदा सगळ्यांनीच खाली वसईकडे मिठागरांवर जायचं, म्हाताऱ्यांना डोलीत घालून न्यायचं. पुढे ते तसे गेले, आणि बुधीचा सासरा तिकडून परत आला नाही, हे मला दुसऱ्या साली कळलं.

मी गंधकाची धुरी देऊन निघण्याच्या बेतात होतो. बुधी मागून आली. हात अजून तसेच काळे होते.

"दादा, त्या पोराचां काय झालां?"

या प्रश्नाची मला महिनाभर धास्ती होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. शिपाई पुढे गेला होता. तिच्यापुरतं तरी खरं सांगता आलं असतं. ती साहेबांपर्यंत कधी पोचली नसती, पोचली तरी तिचं कोणी ऐकलं नसतं. मला तिच्यापासून कसलंही भय नव्हतं. तरी मी म्हणालो, "मेलं."

"आपसूक मेलां?"

"आपसूक. चौदाव्या दिवशी."

ती माझ्याकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती, मनाशी काहीतरी ताडून पाहत असल्यासारखी. मग म्हणाली, "मंग तुझां खरां व्हतां. रोगच व्हता. मी जलमभर घुशी बघल्या, माना वाटलां घूसच हाय. माझी नजर चुकली."

मी धुरीचं भांडं पेटीत ठेवत राहिलो.

"मी तुला दारात उलट बोललें. आनि ती रोगाची पोरां चुलीशी घेऊन बसलें व्हतें. सासरा तिथंच निजत व्हता. तू आमाला भायेर नाय काढला असता, तं सगला पाडा मेला असता. भात काय, परत पिकल."

तिने ते काळे हात पदराला पुसले, खाली वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत. मोठ्या माणसाने म्हणावं तसं मी म्हणालो, "असू दे, असू दे."